वेलदोड्याची धुरी

अंबारोने चहाचा पहिला घोट तोंडात घेतला आणि गिळायचा विसरून ती तशीच बसून राहिली. समोर तिचा भाचा गेद्दी दुकान उघडत होता. शटर नेहमीसारखं अर्ध्यावर अडकलं होतं आणि तो त्याला नेहमीच्याच शिव्या देत होता. रस्त्यावरून कुणीतरी बकऱ्या हाकत चाललं होतं. घोट तोंडात कोमट होत गेला. साखर, आलं, दालचिनी, उंटिणीच्या दुधाची किंचित खारट ओढ, हे सगळं रोजचं. पण त्याच्याही खाली, जिभेच्या मुळाशी, एक करपट कडवटपणा होता आणि त्याच्या पाठोपाठ काहीतरी गोडसर, जळून गेल्यावरही गोड राहिलेलं. ही चव ओळखीची आहे, एवढंच आधी तिला कळलं. एखादं माणूस पाठमोरं चालत असावं, त्याच्या खांद्यांवरून आपल्याला कळावं की हे आपलं आहे, आणि नाव मागाहून आठवावं, तसं. तिने घोट गिळला. नाव आठवलं. तिमिरो.

"आत्या, माशी पडली का चहात?" दारातून गेद्दीची बायको इदिल म्हणाली. "तोंड असं काय केलंत?"

"दूध कुठलं हे?"

"बिलिसोकडचं. धुराचा वास येतोय ना? मी तिला तोंडावर म्हटलं, बाई, हे दूध आहे की खोकल्याचं औषध? तर म्हणते कशी, नव्या तांड्यावरचं आहे, होईल सवय. टाकून द्या तो. दुसरा करते."

"हात लावशील तर बघ," अंबारो म्हणाली आणि तिने पेला दोन्ही हातांत धरला.

प्लास्टिकचे डबे यायच्या आधी इथे, बल्लीगाबमध्ये, दूध लाकडाच्या नाहीतर मुळांनी विणलेल्या भांड्यात ठेवत, आणि भांडं धुरवल्याशिवाय त्यात दुधाचा थेंब पडत नसे. काडी पेटवायची, ज्योत फुंकून विझवायची, लाल टोक भांड्यात फिरवायचं, झाकण लावून धूर आत कोंडायचा आणि मग कुंच्याने काजळी पुसून काढायची. सगळ्या बायका हेच करायच्या आणि तरी दोन घरांचा धूर सारखा नसायचा. लाकूड वेगळं, ते किती वाळलेलं ते वेगळं, झाकण कधी उघडायचं ते तर ज्याच्या त्याच्या हातावर. डोळे मिटून चहा प्यायला तरी आपण कुणाच्या दारात बसलोय ते कळायचं. अंबारोच्या आईसारखी धुरी मात्र अख्ख्या मुलखात कुणाची नव्हती. रानजैतुनाची काडी सगळ्याच घ्यायच्या, पण आई शेवटी निखाऱ्यावर वेलदोड्याची टरफलं टाकायची. दाणे चहात, टरफलं धुरीत. हे दुसऱ्या कुणाला सुचलं नाही, कारण दुसऱ्या कुणाच्या घरी इतकी टरफलं साठतच नव्हती. बल्लीगाबचं पहिलं चहाचं दुकान तिचं. दुकान म्हणजे काय, तीन दगडांची चूल, एका बाभळीची सावली आणि बुडाशी पोचा आलेलं पातेलं. पावसाळ्यात साचणारं एक तळं होतं, त्याच्यावरून गावाचं नाव पडलं. पण तळ्याशी जनावरं थांबायची. माणसं थांबली ती चहापाशी. किनाऱ्याकडून येणारे ट्रकवाले आईच्या सावलीत इंजिनं गार करायचे. मग त्या ट्रकवाल्यांना खजूर विकायला हिरसी आला आणि त्याने चार मातीच्या भिंती उभ्या केल्या. मग मशीद, मग पोलीसचौकी, मग शाळा. आता गावाच्या कमानीवर लिहिलेलं आहे की हिरसीने हे गाव वसवलं. अंबारो त्या कमानीखालून जाताना दर वेळी मान वर करून वाचायची आणि तिला मनापासून गंमत वाटायची. भिंती दिसतात, सावली दिसत नाही, त्याला कोण काय करणार.

ती धुरी तिघींना यायची. आई निर्वासितांच्या छावणीतच वारली. अंबारोचे हात कापायला लागल्यापासून तिने काडी पेटवली नव्हती. राहिली धाकटी बहीण तिमिरो.

आणि परवाच, परवा संध्याकाळीच, अंबारोने होकाराची मान हलवली होती. गेद्दी दर वर्षी घरातल्या मेलेल्या माणसांसाठी दुवा करून घ्यायचा. शेख यायचे, कुराण वाचलं जायचं, ऊद जळायचा, बकरा कापला जायचा, गाव जेवायचं, आणि जेवणाआधी शेख एकेक नाव उच्चारायचे. दर वर्षी त्या नावांवरून आत्या-भाच्याचं वाजायचं. "तिमिरो आत्याचं नाव घालू या," गेद्दी म्हणायचा. "माणूस गेलेलं आहे आणि आपण त्याला दुवा देत नाही, याचा जाब मलाच विचारतील वर." अंबारो म्हणायची, "आणि जिवंत माणसाला मेलेल्यांच्या पंगतीत बसवलं, त्याचा जाब कोण देईल? तुझा शेख?" एवढ्यावर विषय मिटायचा. परवा मात्र गेद्दी भांडला नव्हता. नुसता शेजारी येऊन बसला होता, त्याची दाढी आता तिच्या भावाच्या दाढीइतकीच पांढरी झाली होती, आणि म्हणाला होता, "आत्या, आपण गेल्यावर तिचं नाव घ्यायला कुणी राहणार नाही. तिला पाहिलेलं तरी कोण उरलंय?" त्यावर तिने मान हलवली. येत्या शुक्रवारी नाव घ्यायचं ठरलं. आणि आज हा घोट. तिने पेल्याच्या तळाशी पाहिलं. पेल्याला विचारून काही उपयोग नव्हता. ती उठली, ओढणी डोक्यावर घेतली आणि बाजाराकडे चालू लागली.

तिच्या चालण्यात नेहमी दोन गावं असायची. एक आत्ताचं, गुलाबी आणि पोपटी रंगाच्या भिंतींचं, टेलिफोनच्या उंच खांबाचं, परदेशातल्या मुलांनी पाठवलेल्या पैशांतून उठलेलं. दुसरं आधीचं. आधीच्या गावात हिरसीच्या दुकानाची भिंत रस्त्यात पुढे आलेली होती. ती भिंत कधीच गेली, पण अंबारोचे पाय अजून तिथे किंचित डावीकडे वळत. नव्या पोरांना वाटायचं, म्हातारीचा तोल जातो. ज्या वर्षी आपल्याच देशाची विमानं आपल्याच गावांवर आली, त्या वर्षी सगळं सपाट झालं. परत आल्यावर छपरांचे पत्रेसुद्धा जागेवर नव्हते. दारांच्या चौकटी उपटून नेलेल्या. जळक्या भिंतींतून फिरताना बायका एकमेकींना सांगत होत्या, ही माझी चूल, ही तुझी. चुलीचे दगड मात्र कुणी नेले नव्हते.

गाव सोडताना दोन ट्रक होते, दोन्ही निळे, दोन्ही एकाच मालकाचे. पहिल्यात आई, अंबारो आणि पोरं. दुसरा मागाहून येणार होता, त्यात तिमिरो, मेंढ्या आणि दुधाची भांडी. "तुम्ही व्हा पुढे, मी भांडी बांधून येते. नाहीतर तिथे काय हातावर दूध घ्यायचं?" तिमिरोचं हे शेवटचं वाक्य. त्यात शेवटचं असण्यासारखं काही नव्हतं, आणि म्हणूनच कदाचित ते अंबारोला इतकं स्वच्छ आठवायचं. पहिला ट्रक सीमेपलीकडे छावणीत पोचला. दुसरा आला नाही. मग बातम्या आल्या. एक म्हणाला, कोरड्या नदीत निळा ट्रक जळलेला पाहिला. एकीने शपथ घेतली की तिमिरो दुसऱ्या छावणीत चहा विकते. तिसऱ्याने तिला मेलेली पाहिली होती, पण अंगावर कुठले कपडे होते विचारल्यावर त्याने लाल ओढणी सांगितली, आणि तिमिरो जन्मात लाल ल्यायली नव्हती. रेडिओवर हरवलेल्यांची नावं वाचायचे तिथेही अंबारोने नाव दिलं. संध्याकाळी सगळी छावणी रेडिओभोवती बसायची. आपल्या माणसाचं नाव हवेतून येऊन आपल्याच कानांत पडायचं आणि पुढे जायचं, ते कुठे जात असेल, कुठल्या कुठल्या रानात ऐकू येत असेल, याचा विचार करत ती पडून राहायची. रडण्यापेक्षा तिला या विचारातच जास्त करमायचं. तिमिरो कुठे असेल, काय खात असेल, केस पांढरे झाले असतील का, दात किती उरले असतील. वर्षं गेली तशी तिच्या मनातली तिमिरोही तिच्याबरोबर म्हातारी होत गेली.

दुधाच्या बाजारात बायका ओळीने बसल्या होत्या. पुढ्यात पिवळे डबे, प्रत्येकाच्या कानाला रंगीत चिंधी, म्हणजे कुठल्या तांड्यावरचं दूध ते कळावं. पहाटेचा ट्रक रिकामा होऊन उभा होता. बिलिसो ओळीच्या मधोमध, जाडजूड, तोंडाने फटकळ, पंचविशीची.

"या आत्या, या! तुम्हीही भांडायलाच आलात ना? सकाळपासून तेच चाललंय. एकीच्या नवऱ्याने म्हणे पेला भिंतीवर मारला."

"मारू दे. तो डबा दाखव मला."

बिलिसोने हिरव्या चिंधीचा डबा पुढे सरकवला. अंबारोने झाकण काढून नाक आत घातलं. बाजार, माश्या, ऊन, सगळं मागे सरकलं. आईचा ओला हात, त्यावर चिकटलेली टरफलं. आणि त्या वासात काहीतरी थोडं वेगळंही होतं, आईच्या धुरीत नसलेलं. धूर जरा जास्त वेळ कोंडलेला. हे कुणाचं? तिमिरोनेच बदललं असेल? एवढ्या वर्षांत माणूस स्वतःच्या हाताने थोडं बदलणारच.

"बिलिसो, ही धुरी देणारी बाई कोण? कशी दिसते? उंच आहे? माझ्यासारखं नाक?"

बिलिसो आधी नुसती बघत राहिली आणि मग एवढ्या मोठ्याने हसली की तिची शेजारीणही कारण न विचारता हसायला लागली. "बाई! आत्या, त्या तांड्यावर बाईच नाही! एक म्हातारा आहे. उंटिणी पिळतो, आणि भांडीही तोच धुरवतो. पुरुषमाणूस, काडी घेऊन भांड्यात फुंकत बसतो! मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तोंड फिरवलं, म्हटलं, आपल्यालाच लाज."

"मुलाबाळांना दूधही पाजतो का गं?" शेजारीण म्हणाली आणि ओळीच्या टोकापर्यंत हशा गेला.

अंबारो डब्याला धरून उभी राहिली. उंटीण पिळणं पुरुषाचं, धुरी देणं बाईचं. हे कुणी शिकवत नाही, कुणी विचारत नाही. इतकी वर्षं तिने त्या धुरीचा माग काढताना फक्त बायका मोजल्या होत्या. आई, मी, तिमिरो. पुरुष मोजायचे असतात हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. या मुलखातल्या कुठल्याही शहाण्या माणसाने हीच चूक केली असती.

"कुणाचा आहे तो? बायको कोण त्याची?"

"सीमेपलीकडचा आहे. तिकडे पाऊस नाही म्हणून उंट घेऊन यंदा इकडे आला. बायको होती की नव्हती, मी कशाला विचारू? मला त्याच्याकडचं दूध हवं, गोष्ट नको." मग बिलिसोचा आवाज जरा उतरला. "का आत्या? काय झालं?"

"उद्या ट्रकमध्ये पुढची जागा माझी," अंबारो म्हणाली.

घरी गेद्दीने डोक्याला हात लावला. "आत्या, या वयात दुधाच्या ट्रकमधून जाणार? त्या रस्त्याला उंटसुद्धा नाक मुरडतात."

"ट्रक दुधाचा आहे. मी काय वाटेत नासणार आहे?"

"आणि शेखना नावं कळवून झालीत माझी."

"मग शेखना सांग, त्यातलं एक मुठीत धरून ठेवा. मी येऊन सांगते सोडायचं की नाही."

दुसऱ्या दिवशी अंधार पातळ होत असताना गेद्दीनेच तिला हाताला धरून ट्रकमध्ये चढवलं आणि मांडीवर पाण्याची बाटली ठेवली. ट्रक निघाला. अंबारोला भीती वाटायला हवी होती, निदान छातीत धडधड तरी. तसं झालं नाही. लहानपणी आई नवी पेटी उघडायची तेव्हा वाटायचं तसं तिला वाटत होतं. तिमिरो त्या म्हाताऱ्याच्या झोपडीत आतच बसलेली असेल तर? ती बाहेर येत नसेल, म्हणून बिलिसोने पाहिली नसेल. पायांनी अधू झाली असेल. मग पहिलं वाक्य काय बोलायचं? भांडी कुठे आहेत, असं विचारायचं का? तिला हसू आलं. ड्रायव्हरने तिच्याकडे चोरून पाहिलं.

तांडा म्हणजे एकच झोपडी होती, काटेरी कुंपण, आणि पलीकडे बसलेले उंट. म्हातारा पाठमोरा उभा होता. एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर टेकवलेला, त्या मांडीवर भांडं तोललेलं, आणि त्यात दुधाची धार. उंच, मेंदीने रंगवलेली दाढी, एका डोळ्यावर पांढरा पडदा. बिलिसो डबे गोळा करायला गेली. अंबारो झोपडीच्या दारातून आत डोकावली. एक चटई. एकच उशी. चुलीशेजारी टरफलांनी भरलेला पत्र्याचा डबा. आत कुणी नव्हतं. तिने दाराची काठी धरली.

"बाई, काय हवं?" मागून आवाज आला.

ती वळली. त्याचा चांगला डोळा तिच्या चेहऱ्यावर आला आणि तिथेच राहिला. त्याने ओठांतल्या ओठांत अल्लाचं नाव घेतलं.

"तुम्ही कुठल्या?"

"बल्लीगाबची."

"आताच्या असाल. जुन्या बल्लीगाबचं कुणी उरलेलं नाही."

"मी उरले."

"नाव काय तुमचं?"

"अंबारो. वरसामेची मुलगी."

म्हाताऱ्याने हातातलं भांडं सावकाश खाली ठेवलं, सांडू नये म्हणून दोन दगडांमध्ये टेकवून. "अंबारो मेली," तो म्हणाला. त्यात वाद घालण्याचा सूर नव्हता. एखाद्या चुकलेल्या वाटसरूला रस्ता सांगावा तसं तो म्हणाला. "ट्रकमध्ये जळली. तिच्या बहिणीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं."

"काय पाहिलं?"

"नदीत निळा ट्रक. जळून कोळसा झालेला. तिचा ट्रक मागून येत होता. तिने ओळखला, म्हणाली, आईचा आणि अंबारोचा हाच. मग ड्रायव्हर पुढे जाईना, तो दक्षिणेला वळला. आमच्या मुलखात आला."

अंबारो चुलीपाशी बसली. नदीतला ट्रक. तोच ट्रक तिला छावणीत तिमिरोचा म्हणून सांगितला होता. तिसराच कुणाचा तरी होता तो, कुठल्या तिसऱ्याच घराचा, आणि त्याच्या दोन बाजूंना उभ्या राहून दोघी बहिणींनी एकमेकींना त्यात बसवलं होतं. त्या तिसऱ्या घरातली माणसं कोण होती, त्यांना कुणी रडलं का, असं तिच्या मनात आलं. मग तिने विचारलं, कारण आता विचारायलाच हवं होतं, "आणि तिमिरो?"

म्हाताऱ्याने दक्षिणेकडे हात केला. तिकडे नुसतं रान होतं आणि त्यापलीकडेही रानच. "मोठा दुष्काळ पडला त्याच्या आधीच्या हिवाळ्यात. ताप आला, त्यात गेली. मी तिचा नवरा. दीरिये माझं नाव." आणि मग, पाहुण्याला आपली ओळख द्यावी तशी रीतीने, त्याने बाप, आजा, पणजा अशी आपली नावं सांगायला सुरुवात केली. एकेक नाव ती ऐकत गेली, कुठे तरी आपल्या नावांना येऊन मिळेल म्हणून. कुठेच मिळालं नाही. शेवटच्या नावापर्यंत तो परका राहिला, आणि समोरच्या भांड्यातून तिच्या आईच्या हाताचा वास येत होता.

तिला रडू येईल असं तिला वाटलं होतं. ते येणार होतं, पण घाईत नव्हतं. त्याच्या आधी प्रश्न आले, इतक्या वर्षांचे साठलेले, एकमेकांना ढकलत. दात होते का तिला? होते, पुढचा एक सोडून. केस? पांढरे, पण मेंदी लावायची. मूल? एक मुलगा झाला होता, जगला नाही. हसायची? दीरियेने विचार केला. "लोकांवर हसायची. माझ्यावर जास्त."

"रेडिओवर नाव सांगत होते तिचं. मी दिलं होतं. ऐकलं नाहीत तुम्ही?"

"रेडिओ होता. हरवलेल्यांची नावं सुरू झाली की ती उठून बकऱ्यांकडे जायची. म्हणायची, माझं कुणी हरवलेलं नाही, माझे सगळे मेलेत, मी कशाला ऐकू?" मग म्हणाला, "मला ऐकू यायचं. पण बल्लीगाबची तिमिरो म्हणून सांगत असतील, आणि आमच्याकडे तिला कुणी तिमिरो म्हणत नव्हतं. आमच्याकडे ती चहावाली. ते नाव कानावरून गेलं असेल, लक्षात आलं नाही."

अंबारो हसली आणि हसतानाच तिच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. दीरिये तोंड फिरवून उंटिणीकडे बघत बसला.

"आणि ही धुरी? पुरुष असून शिकलात कशी?"

"शेवटी तिचे हात चालेनात. पडल्या पडल्या सांगायची, मी करायचो. आता फुंक. आता टरफलं. आता झाकण. चुकलं की म्हणायची, हे दूध उंटाच्या पिल्लालासुद्धा दाखवू नको. लोक हसायचे मला. अजून हसतात. पण ती गेल्यावर दुसरं दूध घशाखाली उतरेना. मग काय करणार? वाटेतल्या चहावाल्यांकडून टरफलं मागून आणतो. त्यांना वाटतं, म्हातारा चळलाय."

"धूर जास्त वेळ कोंडता तुम्ही."

"म्हणजे?"

"झाकण उशिरा उघडता. आई इतका वेळ ठेवायची नाही."

दीरियेचा चेहरा पडला. "ती म्हणायची, आता उघड. मी उघडायचो. आता म्हणणारं कुणी नाही, म्हणून अंदाजाने उघडतो." मग एकदम काहीतरी आठवून तो तिच्याकडे वळला आणि त्या एका डोळ्यात चक्क ओशाळेपणा आला. "एक सांगायचं राहिलं. दर वर्षी मी तुमच्या नावाने बकरा कापतो. तीच करायची, मग तिने माझ्याकडून वचन घेतलं. आई आणि अंबारो. ती गेल्यापासून तिघींचा एकच. लोकांना जेवू घालतो, दुवा मागतो. यंदाचाही झाला."

"माझ्या नावाने?"

"मोठा होता, चांगला."

"चव कशी होती?"

"चांगली होती," तो गंभीरपणे म्हणाला.

डबे चढवून झाले होते. बिलिसो ट्रकपाशी उभी राहून हाका मारत होती. तिला थोडंफार ऐकू गेलं असावं, कारण ती आज हसत नव्हती. पण न बोलता राहणं तिला जमण्यासारखं नव्हतं. "आत्या, बायको गेली की मेव्हणी मागायची रीत आहे हं आपल्यात! जरा जपून बसा!"

"दात नसलेल्या माणसाला कोण मागतंय," अंबारोने ओरडून उत्तर दिलं, आणि दीरियेला म्हणाली, "शुक्रवारी या. आमच्याकडे दुवा आहे. तिचं नाव घ्यायचं आहे."

"मी परका माणूस. मी काय म्हणून बसणार तिथे?"

"तुम्ही या घरचे जावई. मुलीकडच्यांना द्यायचे उंट दिले नाहीत ते सोडा, कुणाला द्यायचे तेच उरलं नव्हतं. या."

परतीच्या रस्त्यात मागे डबे एकमेकांवर आपटत होते. शाळेतली पोरं घडाघडा आपल्या बापांची नावं म्हणून दाखवतात, वर वर, कुठल्या तरी पहिल्या माणसापर्यंत; ती सगळी नावं अंबारोलाही पाठ होती. आईची आई कोण, तिची आई कोण, हे मात्र तिला दोन पिढ्यांपलीकडे सांगता आलं नसतं. टरफलं टाकायचं आईला कुणी सांगितलं? तिलाच सुचलं, की तिच्याही आधी कुणी होतं, जिचं नाव कुणी पाठ केलं नाही? आणि आता ते पुढे गेलं तर एका परक्या मुलखातल्या पुरुषाकडे गेलं. तो कुणाला देईल? तिला हे सगळं फार विचित्र आणि फार पाहण्यासारखं वाटत होतं. गावाच्या कमानीखालून ट्रक गेला तेव्हा तिने पहिल्यांदाच वर मान केली नाही. गेद्दी दुकानाच्या पायरीवर बसून वाट पाहत होता. तिने उतरतानाच त्याला सांगितलं, "शेखना म्हणावं, सोडा नाव." त्याने तिचा हात धरला आणि धरूनच ठेवला.

शुक्रवारी अंगण भरलं. मध्ये कापडाचा पडदा, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. उदाचा धूर दोन्हीकडे सारखाच फिरत होता. भाताचे मोठे थाळे भरायचं काम बायकांकडे होतं, आणि इदिल नको नको म्हणत असतानाही अंबारोने मोठा डाव आपल्या हातात घेतला होता. हात कापत होता, भात थोडा बाहेर सांडत होता. पडद्याच्या फटीतून तिला दीरिये दिसत होता. तो धुतलेले कपडे घालून पुरुषांच्या ओळीच्या अगदी शेवटी अंग चोरून बसला होता. गेद्दीने उठून त्याला हाताला धरून पुढे आणलं आणि शेखच्या शेजारी बसवलं. वाचन संपलं. शेख नावं घेऊ लागले. आजोबा, वडील, आई, भाऊ. प्रत्येक नावामागे अंगण एका आवाजात म्हणत होतं, अल्ला दया करो. अंबारोचा डाव थांबला.

"वरसामेची मुलगी तिमिरो."

अल्ला दया करो. नाव असं परक्या तोंडातून मोठ्याने आलेलं तिने रेडिओनंतर पहिल्यांदाच ऐकलं. ते पुढे कुठे गेलं नाही. इथेच, अंगणात, माणसांमध्ये उतरलं. तिने ते नीट ऐकलं. मग शेख क्षणभर श्वास घ्यायला थांबले, आणि त्या थांबण्यात, इतक्या वर्षांच्या सवयीने, दीरियेचा चिरका आवाज पुढे गेला:

"आणि तिची बहीण अंबारो."

अंगण गप्प झालं. दयेचे शब्द लोकांच्या तोंडापर्यंत येऊन अडले. इदिलने तोंडावर ओढणी घेतली. पलीकडे म्हाताऱ्याला आपण काय बोललो ते कळलं असावं, कारण तो अर्धवट उठून पुन्हा बसला. सगळे पडद्याकडे बघत होते.

"तिला अजून राहू द्या, जावईबुवा," पडद्याआडून अंबारो म्हणाली. "ती भात वाढतेय."